खाऊन टाक म्हणजे खायचं की टाकायचं?

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मॅडम, मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. वय २७. कागल तालुक्यातल्या आमच्या गावी मराठी शाळेत शिकलो, मग डिप्लोमा केला. मेल वाचून कळतो, कारण शब्दकोश उघडून बसता येतं. फोनवर मात्र गाडी अडते. इंग्लंडच्या ग्राहकानं ट्रायल लॉटबद्दल फोनवर 'पुट इट ऑफ' असं काहीतरी सांगितलं. मला ऑफ म्हणजे बंद एवढंच कळलं. ऑर्डर बंद झाली असं मी शॉपवर कळवलं आणि पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, उतरवला गेला. त्यांनी फक्त तारीख पुढं ढकलली होती, हे चार दिवसांनी समजलं. पुढं त्यांचाच 'ब्रिंग फॉरवर्ड' असा मेल आला आणि त्याचाही मी उलटा अर्थ घेतला. आता पाचशे फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडलेल्या अशा जोड्यांची, यादी आणून रोज वीस पाठ करतोय. आठवड्यात सगळं विसरतं. माझं मराठी माध्यम आडवं येतंय का? वाक्प्रचारही पाठ करू का? तीन महिन्यांचा क्लास लावू का? आणि एक गोष्ट मनाला खातेय. ग्राहकानंच घोळ घातला असं साहेबांना वाटतंय, आणि मी गप्प आहे. सांगू का?"

सप्रेम नमस्कार.

आधी ती पाचशेची यादी कपाटात ठेवा. टाकून देऊ नका, पुढं कधी चाळायला उपयोगी पडेल. पण रोजचे वीस पाठ करणं आजपासून बंद. यादीत 'गेट ओव्हर'शेजारी 'गेट अवे' असतं, त्याशेजारी 'गेट अराउंड', आणि सगळ्यांची तोंडं सारखी. लग्नाच्या मांडवात एका दमात पन्नास पाहुण्यांची ओळख करून दिली तर घरी आल्यावर एकाचंही नाव आठवत नाही. तुमच्या बाबतीत तेच झालंय. स्मरणशक्तीला दोष देऊ नका, तिला दिलेलं कामच चुकीचं आहे.

आता माध्यमाचं. मी कोल्हापुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि जिच्यामुळं तुम्ही अडखळलात ती गोष्ट मराठी माणसाला मुळात परकी नाही, असं मी ठामपणे सांगते.

शिवाजी विद्यापीठात संशोधनासाठी आलेली एक परदेशी मुलगी काही दिवस आमच्या शेजारी राहायची. मराठी शिकून आली होती, मोठ्या जिद्दीनं बोलायची. एकदा आमच्याकडं जेवायला बसलेली असताना मी म्हटलं, "अगं, एवढा भात खाऊन टाक." तिचा हात थांबला. खाणं तिला माहीत होतं, टाकणंही माहीत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला कळेना, आणि यजमानांच्या घरी भात टाकायचा तरी कुठं! 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद हे दोन्ही माहीत असून तुम्ही फोनवर अडकलात, ते तिच्यासारखंच.

आपण दिवसभर असंच बोलतो. क्रियापदाच्या मागं दुसरं छोटं क्रियापद लावतो आणि ते स्वतःचा मूळ अर्थ सोडून पहिल्याला वेगळा रंग देतं. बिल भरून टाक, एकदाचं सांगून टाक: इथं काही फेकायचं नाही, काम पुरतं उरकायचं आहे. 'बसणे' आलं की नको ते घडलेलं असतं. पाकीट हरवून बसला, भांडण करून बसला. 'जाणे' आलं की नकळत घडलेलं, जसं बोलून गेला. 'ठेवणे' पुढच्या सोयीसाठी, म्हणजे डाळ भिजवून ठेव, शेजारी सांगून ठेव. हे नियम तुम्हाला कुणी फळ्यावर लिहून दिले होते का?

इंग्रजी हेच काम अप, ऑफ, आउट, डाऊन, ओव्हर अशा चिमुकल्या शब्दांकडून करून घेते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाक. 'राइट डाऊन' म्हणजे लिहून ठेव. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढ. 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाक. आणि माझी सगळ्यांत आवडती जोडी: 'हिअर मी आउट' म्हणजे माझं पुरतं ऐकून घे. त्यात ऐकण्याबरोबर थोडी विनवणी आहे, मधे बोलू नको असंही आहे, आणि दोन्ही भाषांत ते सगळं एका छोट्या शब्दावर तोललेलं आहे. म्हणून शब्दाला शब्द ठेवू नका. त्या जागी आपण 'टाक' म्हणू, 'काढ' म्हणू की 'ठेव', हे मनात विचारा. सगळीकडे जोडी जुळणार नाही, पण जिथं जुळेल ती पुन्हा विसरायची नाही.

एकाच शब्दाचे दहा अर्थ कसे लक्षात ठेवायचे, अशी धास्तीही तुमच्या पत्रात दिसते. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, आग लागते, पाऊस पडायला लागतो. मध्यवर्ती बसस्थानकावर गारगोटीची बस फलाटाला लागते, आणि त्याच बसमध्ये बसल्यावर एखाद्याला बस लागते. तुमचा कधी गोंधळ झाला? प्रत्येक 'लागणे' तुमच्यापर्यंत आपापल्या प्रसंगासकट आलं, म्हणून झाला नाही. 'टेक ऑफ'चंही तसंच. उजळाईवाडीहून विमान टेक ऑफ करतं, ते तुम्ही कामावरून रोज बघत असाल. पावसात भिजून आल्यावर रेनकोट टेक ऑफ करतात. सोमवारची सुट्टी घ्यायची तर सोमवार टेक ऑफ करतात. तिन्हींत काहीतरी सुटून वेगळं होतंय: जमिनीवरून विमान, अंगावरून कपडा, कामाच्या आठवड्यातून एक दिवस.

या बाबतीत तुम्ही एकटेही नाही आणि पहिलेही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची जी रीत आहे, तिच्यात परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडचण येते, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आहे.

हे असं का झालं ते थोडं सांगते, कारण त्यातून तुमची एक मोठी सोय निघते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळं इंग्रजीत एकाच कामासाठी दोन-दोन शब्द झाले: घरातला एक आणि कचेरीतला एक. 'पुट ऑफ' घरातला, 'पोस्टपोन' लॅटिनमधून आलेला. तसंच 'कॉल ऑफ' आणि 'कॅन्सल', 'लुक इंटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट', 'पुट आउट' आणि 'एक्स्टिंग्विश'. आपल्याकडं पुढं ढकलणं आणि स्थगित करणं, विझवणं आणि शमवणं हे जसं आहे तसंच. आता बघा, मराठी शाळेत आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो, म्हणून आपल्याला कचेरीतले शब्द पाठ आहेत. शब्दकोश घेऊन मेल तुम्ही निभावून नेता, कारण त्यात हे शब्द पुष्कळ असतात. फोनवर माणूस घरातले शब्द वापरतो आणि तिथं तुम्ही अडता.

सोय अशी की बोलताना तुम्ही खुशाल 'पोस्टपोन' म्हणा. चूक काही नाही, जरा औपचारिक वाटेल इतकंच. समोरच्याचा 'पुट ऑफ' मात्र कानाला कळला पाहिजे. कळायचे शब्द पुष्कळ हवेत, बोलायचे थोडे चालतात. पाचशे शब्द तोंडात यायलाच हवेत, हे ओझं खांद्यावरून उतरवा.

आता तुमच्या दोन चुकांकडं येते, कारण त्या फार शिकवणाऱ्या आहेत.

'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' दोन्हींत ऑफ आहे आणि दोन्हींत ठरलेली गोष्ट जागेवरून हलते. फरक पहिल्या शब्दात आहे. 'पुट' म्हणजे ठेवणं. काम उचलून जरा लांब ठेवलं, ते अजून आहेच. 'कॉल' म्हणजे हाक मारणं. निघालेल्या माणसाला हाक मारून माघारी बोलावलं, आता जाणंच रद्द. हे चित्र मी लक्षात राहावं म्हणून देतेय, पण माझ्या विद्यार्थ्यांना ते नेहमी उपयोगी पडलं. दिव्याचं 'ऑफ' तेवढं डोक्यातून काढा. ते ऑफ आपल्या घरात भिंतीवरच्या बटणापाशी आलं आणि तिथंच राहिलं. मूळ ऑफ म्हणजे सुटणं, दूर होणं. तसं बघितलं तर 'गेट ऑफ' म्हणजे बसमधून उतरणं, 'ड्रॉप ऑफ' म्हणजे कुणाला वाटेत सोडणं, 'सेट ऑफ' म्हणजे घरून निघणं, हे सगळं एका माळेत येतं. एक अपवाद आत्ताच सांगून ठेवते, कारण तो दगा देतो. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद पडला नाही, वाजला. कारखान्यात आगीच्या घंटेबद्दल कुणी असं म्हणालं तर बाहेर पळायचं.

दुसरी चूक तारखेची. तिच्याबद्दल तर स्वतःला मुळीच बोल लावू नका. मराठीत तारीख पुढं गेली म्हणजे उशीर झाला. तुम्ही 'फॉरवर्ड' म्हणजे पुढं असं धरलंत आणि डिस्पॅच आठवडाभर लांबवायला निघालात. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडं आणणं. तारीख लांब उभी आहे आणि तिला म्हटलं, चार पावलं पुढं ये, माझ्याकडं ये. म्हणजे ती जवळ आली, लवकर आली. उलट 'पुट बॅक' किंवा 'पुश बॅक' म्हणजे तिला मागं सरकवलं, आपल्यापासून लांब, म्हणजे उशीर. आपलं पुढं आपल्या तोंडाकडून मोजलेलं, त्यांचं तारखेच्या तोंडाकडून. मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली असं म्हटलं तर इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांतही काहीजण अलीकडं समजतात, काहीजण पलीकडं. म्हणून तारखेच्या बाबतीत कुठल्याही फ्रेजल व्हर्बवर विसंबू नका. वार आणि तारीख आकड्यात विचारून घ्या. आपला 'प्रीपोन' हा शब्द सोपा आणि नेटका आहे, पण तो भारतात रुळलेला. बाहेरच्या ग्राहकाला तो पटकन कळेलच असं नाही, त्याच्याशी 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा साधं 'अर्लिअर' वापरा.

तुम्ही फाउंड्रीत आहात ही तर केवढी जमेची बाजू! तुमच्या शॉपवर फ्रेजल व्हर्ब दिवसभर मराठीतून फिरत असतात. साचा फोडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेर काढतात तो नॉकआउट. साच्यातून धातू फुटून वाहून जातो तो रनआउट. मशिनचा ब्रेकडाऊन, नवीन जॉबचा सेटअप, गेटवर उभा पिकअप, संध्याकाळी साहेबांचा फॉलोअप. ही सगळी जोडनामं आहेत, क्रियापदं करायची तर ती सुटी करा. द मशीन ब्रोक डाऊन. वी सेट अप द जॉब. बोलताना एक बारीक फरक ऐका. नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर पडतो, ब्रेक-डाऊन. क्रियापद असेल तर जोर बहुधा शेवटच्यावर जातो, ब्रोक डाऊन. फोनवर खरखर असली तरी हा जोर कानाला लागतो.

रनआउट तर तुम्हाला दोनदा माहीत आहे, एक साच्यातला आणि एक क्रिकेटचा. आता तिसरा घ्या. 'वी हॅव रन आउट ऑफ पिग आयर्न' म्हणजे पिग आयर्न, ओतकामाचं कच्चं लोखंड, संपलं. साच्यातला धातू वाहून जातो, गोदामातला माल वाहून जातो, शेवटी उरत काही नाही. आउटच्या पोटात असं संपून जाणं आहे, आणि झाकलेलं उजेडात येणंही आहे: 'फाइंड आउट', 'पॉइंट आउट', 'टर्न आउट'. डाऊनमध्ये कमी होणं आणि थांबणं, 'स्लो डाऊन', 'कट डाऊन', 'शट डाऊन'. पण 'टर्न डाऊन' म्हणजे नाकारणं. तुमचं कोटेशन 'टर्न डाऊन' झालं तर दर कमी करून मागितलेला नाही, नकार आलाय. आणि 'आयर्न आउट' ऐकलंत तर त्यातलं आयर्न तुमचं लोखंड नव्हे, इस्त्री आहे. सुरकुत्या काढाव्यात तशा किरकोळ अडचणी निस्तरणं.

व्याकरणातला एकच मुद्दा सांगते, बाकीचं सवयीनं येईल. काही जोड्या मधून उघडतात, काही उघडत नाहीत. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कुणीही म्हणत नाही. याउलट 'लुक इंटू इट', 'लुक आफ्टर इट', 'पुट अप विथ इट' या घट्ट जोड्या, 'इट' शेवटीच. कुठली कशी हे नियमानं ओळखत बसू नका. प्रत्येक जोडी पहिल्या दिवसापासून 'इट' घालूनच पाठ करा: पुट इट ऑफ, कॉल इट ऑफ, सॉर्ट इट आउट, हँड इट ओव्हर, लुक इंटू इट. जीभ जागा धरून ठेवते. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश मोबाइलवर मोफत बघता येतो. त्यात क्रियापदाच्या पानावर या जोड्या खाली वेगळ्या दिलेल्या असतात, आणि वस्तूचा शब्द कुठं बसतो तेही दाखवलेलं असतं. अर्थाच्या आधी तिथलं उदाहरण वाचत जा.

मेलमधली एक जागा आत्ताच दुरुस्त करा. तुमच्या पत्रात नमुन्याला जो मेल जोडलाय, त्याच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' आहे. तिथं 'हिअरिंग' हवं. जवळजवळ प्रत्येक ऑफिसमधून अशी चूक बाहेर जाते. 'कोप अप विथ' असंही लिहू नका, 'कोप विथ' पुरे. आणि बायोडेटात 'पास्ड आउट' असेल तर परदेशी माणसासाठी 'ग्रॅज्युएटेड' करा. त्यांच्याकडं 'पास आउट' होणं म्हणजे बहुतेक वेळा शुद्ध हरपणं.

आता अभ्यास. एक दोनशे पानी वही घ्या. तुमच्याच ग्राहकांचे जुने मेल उघडा आणि त्यातून आठवड्याला पाच जोड्या काढा. पाचच. ज्या पुन्हा पुन्हा येतात त्या. जोडी एकटी लिहायची नाही, ज्या वाक्यात आली ते अख्खं वाक्य लिहायचं, कुठल्या कास्टिंगबद्दल होतं तेही. खाली त्याच जोडीचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. 'पुट ऑफ'खाली मी तुमच्या जागी असते तर लिहिलं असतं: पुरामुळं बहिणीचा साखरपुडा पुट ऑफ झाला. पंचगंगेचं पाणी चढलं की आपल्याकडं काय काय पुढं ढकलावं लागतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको, म्हणजे ते वाक्य विसरायची सोयच नाही. मग ही दहा वाक्यं कामावर जाताना मोठ्यानं म्हणा. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही. पुढच्या सोमवारी मागच्या पाचांवरून हात फिरवा, मगच नवीन घ्या. वर्षात अडीचशेच्या आसपास होतील, आणि त्या तुमच्या कामाच्या असतील.

कानासाठी बीबीसीचे इंग्रजी शिकवणारे मोफत कार्यक्रम आहेत. सहा-सहा मिनिटांचेही आहेत. एकच भाग तीनदा ऐका, तीन भाग एकदा ऐकण्यापेक्षा ते बरं.

फोनसाठी वेगळा हात देते. फोनवर ठरावीक जोड्याच येतात. 'होल्ड ऑन' जरा थांबा. 'आय विल पुट यू थ्रू' जोडून देतो. 'यू आर ब्रेकिंग अप' तुमचा आवाज तुटतोय. 'वी गॉट कट ऑफ' फोन मधेच कटला. 'आय विल गेट बॅक टू यू' विचारून कळवतो. 'हँग अप' फोन ठेवणं, ज्याला आपण कॉल कट करणं म्हणतो. एवढ्या जमल्या तरी निम्मी भीती जाईल. आणि अर्थाची शंका आली की लगेच विचारायचं: 'सॉरी, डू यू मीन लेटर, ऑर नॉट ॲट ऑल?' उशिरा की अजिबात नाही? हा एक प्रश्न त्या दिवशी विचारला असता तर पॅटर्न उतरला नसता. यात कमीपणा काही नाही. आपल्या मालाबद्दल माणूस नेमकं विचारतोय, हे ग्राहकाला आवडतंच. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत दोन ओळींचा मेल टाका: आपलं असं असं ठरलं, बरोबर ना? एक्स्पोर्टच्या कामात ही सवय तुम्हाला फ्रेजल व्हर्बपेक्षा जास्त वाचवेल.

वाक्प्रचारांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ते समजून घ्या, वापरायची घाई करू नका. कुठलीही भाषा आपले वाक्प्रचार आपल्या मातीतून उचलते. आपल्याकडं खासबागेचं मैदान, गल्लोगल्लीच्या तालमी, म्हणून आपण शड्डू ठोकतो, चितपट करतो, आस्मान दाखवतो. 'आस्मान दाखवलं' हे इंग्रजीत शब्दशः केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल गच्चीवर नेऊन आभाळ दाखवलं. पाठ टेकली की डोळ्यांपुढं आभाळ येतं, हे ज्यानं कुस्ती बघितली त्यालाच कळणार. इंग्रजीनं तसंच मुष्टियुद्धातून घेतलं. 'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणं, कारण आपल्या खेळाडूला आता सोसवत नाही असं दिसलं की त्याच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल फेकायचा. 'बिलो द बेल्ट' म्हणजे नियमाबाहेरचा, कमरेखालचा वार. असं मूळ कळलं की वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही.

काही जसेच्या तसे जुळतात. आगीत तेल ओतणं, एका दगडात दोन पक्षी, राईचा पर्वत. लोखंड तापलंय तोवर घाव घालणं तर तुमच्याच धंद्यातलं. काही अर्थानं जवळ येतात. 'फिंगर्स क्रॉस्ड'च्या जागी आपण देव पाण्यात ठेवतो. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसामासी. पण जे दिसायला सारखे आणि अर्थानं उलटे, त्यांच्यापासून जपा. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणं. आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. ग्राहक हसत 'आय वॉज पुलिंग युअर लेग' म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका. आपण हात वर करतो म्हणजे जबाबदारी नाकारतो. त्याचं इंग्रजी करायला जाऊन 'थ्रो अप' म्हणालात तर ओकणं होईल.

ऑफिसमध्ये कानावर येणारे फार नाहीत. 'ऑन द सेम पेज', दोघांचं म्हणणं एक आहे. 'बॉल इज इन युअर कोर्ट', आता पुढचं पाऊल तुमचं. 'बॅक टू स्क्वेअर वन', पुन्हा पहिल्यापासून. 'कट कॉर्नर्स', वेळ-पैसा वाचवायला कामात कसर ठेवणं. दर्जाच्या तक्रारीत हा आला तर गंभीरपणे घ्या. 'बॉलपार्क फिगर', अंदाजे आकडा. अमेरिकन ग्राहक म्हणेल, बेसबॉलच्या मैदानावरून आलाय. 'कॉल इट अ डे', आजचं पुरे, थांबू या. आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शाळेपासून आपल्याला शिकवतात, पण आज ते फारसं कुणी म्हणत नाही, तुम्हीही सोडून द्या. तुमच्याकडं तुमचं बोलणं आहे. नाद खुळा, जाळ अन् धूर संगटच, कंडका पाडून टाक. कंडका पाडायचा म्हटल्यावर जो ठसका येतो तो इंग्रजीत मागू नका. साधं, सरळ इंग्रजी बोला आणि आपला ठसका आपल्या माणसांसाठी राखा.

क्लासबद्दल: पैसे भरायच्या आधी एक तास बसून बघा. त्या तासात तुम्हाला स्वतःला किती मिनिटं बोलायला मिळालं ते मोजा. दहाच्या वर मिळाली तर लावा. पन्नास जणांना झेरॉक्स वाटून फळ्यावरून वाचून दाखवत असतील तर परत या, तशी यादी तुमच्या कपाटात आहेच. त्यापेक्षा कामावरचा एखादा जोडीदार गाठा आणि जेवणाच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं ग्राहक आणि डिस्पॅच असा फोन करा, एकदा तुम्ही ग्राहक, एकदा तो.

राहिलं साहेबांचं. सांगा. ग्राहकानं घोळ घातला असं साहेबांच्या मनात राहिलं तर पुढचा दर ठरवताना, पुढची तक्रार ऐकताना ते त्याच मनानं बोलतील, आणि ज्यांचं काही चुकलं नाही त्यांच्याशी संबंध बिघडतील. त्यांच्या केबिनमध्ये एकटे असताना जा आणि मराठीतच सांगा, फिरवून नको. "साहेब, त्या ट्रायल लॉटचा निरोप मी चुकीचा समजलो होतो. त्यांनी तारीख पुढं ढकलली होती, मी ऑर्डर बंद समजलो. आता प्रत्येक फोननंतर मी मेल टाकून खात्री करून घेतो, हे बघा." आणि गेल्या दोन-तीन फोनचे तसे मेल दाखवा, म्हणजे आधी चार दिवस ती सवय लावून घ्या आणि मग जा. ते रागावतील, कदाचित बरंच. रागावू द्या. मग त्यांना विचारून ग्राहकालाही एक ओळ पाठवा: 'सॉरी फॉर द मिक्स-अप, इट वॉज ऑन अवर साइड.' मिक्स-अप म्हणजे घोळ. तो आपल्या बाजूनं झाला होता, एवढंच त्यात लिहायचं आहे.